फिशर यांना हवं होतं ते जनुक

माझे दोन्ही काका सिगारेट ओढायचे. थोरल्या काकांनी पंचेचाळिशी उलटल्यावर एका सकाळी अर्धं भरलेलं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पुन्हा कधी सिगारेटला हात लावला नाही. धाकट्या काकांनी ती माझ्या आठवणीत निदान सात वेळा सोडली. पहाटे जाग आली की डोळे पुरते उघडायच्या आधी त्यांचा हात उशाशी चाचपडायचा. काडी ओढल्याचा आवाज, मग एक लांब शांतता, मग खोकला. दाराआडून एवढंच ऐकू यायचं. “मला जमलं ना? मग याला काय धाड भरलीय? मनाचा निग्रह नाही, दुसरं काय!” हे थोरल्या काकांचं ठरलेलं वाक्य. साठी गाठायच्या आतच धाकटे काका फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. तेव्हा भेटायला आलेल्यांमध्येही हेच वाक्य दबक्या आवाजात फिरत होतं.

धाकट्या काकांची जनुकं कोणी तपासली नव्हती, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही. पण थोरल्या काकांचं ते वाक्य एका घरापुरतं नाही. जगभरच्या तंबाखू धोरणाचा अर्धा डोलारा त्यावर उभा आहे. प्रौढ माणूस आहे, धोका पाकिटावर छापलेला आहे, तरी ओढतो, तर तो जाणे आणि त्याचं नशीब. गेल्या दीड-दोन दशकांत अनुवंशशास्त्राने जे शोधून काढलं आहे, त्याने या युक्तिवादाच्या पायाखालची बरीच माती काढून घेतली आहे. धोरण आखणाऱ्यांनी मात्र ते शोध ‘वैद्यकीय बातमी’ या सदरात टाकून दिले. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

गंमत अशी की या वादात जनुकाला पहिल्यांदा आत आणलं ते तंबाखूच्या बाजूने. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनीही, सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं आकड्यांत दाखवलं. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी शेकडो वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापलं. आम्हाला लोकांच्या आरोग्याची काळजी आहे, आम्ही संशोधनाला पैसा देऊ, असा त्याचा सूर होता. त्या संशोधन समितीच्या वैज्ञानिक संचालकपदी त्यांनी बसवलं क्लॅरेन्स कुक लिटल यांना. लिटल म्हणजे उंदरांच्या अनुवंशशास्त्रातलं मोठं नाव, जॅक्सन प्रयोगशाळेचे संस्थापक, आणि कॅन्सरचं मूळ आनुवंशिकतेत आहे असं ठामपणे मानणारे. ही नेमणूक काही चिठ्ठी टाकून झालेली नव्हती.

मग आले रोनाल्ड फिशर. आज कुठल्याही शाखेचा विद्यार्थी संख्याशास्त्राची जी अवजारं वापरतो, त्यातली निम्मी या माणसाने घडवली. स्वतः पाइप ओढणारे, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार. १९५७ आणि १९५८ मध्ये त्यांनी पत्रांतून आणि लेखांतून एक शंका मांडली. सिगारेट ओढणाऱ्यांना कॅन्सर जास्त होतो हे खरं, पण सिगारेटमुळेच होतो हे कशावरून? एकच जनुकरचना माणसाला सिगारेटकडे ढकलत असेल आणि तीच वेगळ्या वाटेने त्याला कॅन्सरही देत असेल, तर? मग सिगारेट बिचारी निर्दोष, फक्त गुन्ह्याच्या जागी सापडलेली. पुरावा म्हणून त्यांनी जुळ्यांची आकडेवारी पुढे केली. एकबीज जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी द्विबीज जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात, म्हणजे सवयीत आनुवंशिकता आहे.

शंका मूर्खपणाची नव्हती, हे मान्य करायला हवं. सवयीत आनुवंशिकता आहे ही गोष्ट तर खरीच निघाली. पण १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिशर यांना जे उत्तर दिलं, ते मला आजही फार सुंदर वाटतं. डीएनए वाचायची सोय नव्हती, तेव्हा नुसत्या अंकगणितावर दिलेलं उत्तर. सिगारेट ओढणाऱ्याला न ओढणाऱ्याच्या नऊपट धोका दिसतो आहे ना? मग तो धोका जर सिगारेटचा नसून कुठल्यातरी लपलेल्या जनुकाचा असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांच्या निदान नऊपट जास्त प्रमाणात सापडलं पाहिजे. एवढं ठळक जनुक असेल तर दाखवा.

नऊ हा आकडा लक्षात असू द्या. तो लेखात पुन्हा येणार आहे.

फिशर यांच्या शंकेवर दुसरं उत्तर इतिहासाचं होतं. १९१२ मध्ये आयझॅक अॅडलर नावाच्या डॉक्टरने फुप्फुसाच्या कॅन्सरवर पुस्तक लिहिलं. जगभरचं वैद्यकीय साहित्य धुंडाळून त्याला चारशेही रुग्ण सापडले नाहीत. इतक्या दुर्मीळ रोगावर पुस्तक लिहिण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न त्याला स्वतःलाच पडला होता. पुढे प्रसिद्ध शल्यविशारद झालेले आल्टन ऑक्सनर एक आठवण सांगत. १९१९ मध्ये ते विद्यार्थी असताना या रोगाने गेलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन बघायला सगळ्या वर्गाला मुद्दाम बोलावलं होतं, कारण असा रुग्ण आयुष्यात पुन्हा दिसेल न दिसेल. त्यांना पुढचा रुग्ण दिसला १९३६ मध्ये, आणि मग सहा महिन्यांत नऊ. मधल्या काळात काय बदललं? माणसाची जनुकं काही सतरा वर्षांत बदलत नाहीत. सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १८८१ चं, महायुद्धात सैनिकांना सिगारेटी वाटल्या गेल्या, आणि फुप्फुसं काळवंडून ट्यूमर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. हिशेब जुळतो.

मग जवळपास अर्धं शतक जनुकाचा प्रश्न मागे पडला. २००८ च्या एप्रिलमध्ये तो एकदम पुढे आला. एकाच आठवड्यात तीन शोधनिबंध आले. एक फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या गटाचा, एक अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, एक आइसलँडच्या डीकोड कंपनीचा. हजारो रुग्णांची आणि निरोगी माणसांची जनुकं ताडून पाहिल्यावर तिघांचंही बोट एकाच जागी पडलं होतं. गुणसूत्र क्रमांक १५, त्याच्या लांब भुजेवरचा एक छोटा पट्टा. त्या पट्ट्यात शेजारीशेजारी तीन जनुकं बसली आहेत. त्यांची नावं सीएचआरएनए५, सीएचआरएनए३ आणि सीएचआरएनबी४ अशी टेलिफोन नंबरासारखी आहेत. ही जनुकं काय बनवतात, तर मेंदूतल्या पेशींवरची ती कुलुपं, ज्यांत निकोटिनची किल्ली बसते.

या कुलुपांना ग्राही म्हणतात. मुळात ती अॅसिटिलकोलीन नावाच्या शरीराच्याच रसायनासाठी आहेत. निकोटिन फक्त बनावट किल्लीसारखं त्यांत फिरतं. प्रत्येक ग्राही पाच तुकड्यांचा. त्यातला ‘अल्फा-५’ हा तुकडा बनवणाऱ्या जनुकात अनेकांच्या बाबतीत एका अक्षराचा फरक असतो, आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ३९८ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसतं. शेकडो दुव्यांच्या साखळीतला एक दुवा. तेवढ्याने तो ग्राही मंद होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा फरक असलेल्या जनुकाच्या प्रती साधारण तीनात एक या प्रमाणात आढळतात, पूर्व आशियात आणि आफ्रिकेत फार कमी.

ज्याच्याकडे ही प्रत एक आहे त्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे १.३ पट, आई आणि वडील दोघांकडून आली असेल तर सुमारे १.८ पट. आणि तीच प्रत असलेले धूम्रपान करणारे दिवसाला सरासरी एक सिगारेट जास्त ओढतात, असंही दिसलं.

म्हणजे फिशर जिंकले की काय? एकच जनुक सवयीशीही जोडलेलं आणि कॅन्सरशीही जोडलेलं. अगदी त्यांनी सांगितलं तसं!

त्या तीन गटांत इथेच फाटाफूट झाली. लिऑन आणि ह्यूस्टनच्या संशोधकांचा कल असा होता की हे जनुक थेट फुप्फुसावरही काही करत असावं. दिवसाला एक सिगारेट जास्त, एवढ्याने धोका इतका वाढणं त्यांना पटेना. आइसलँडचा गट म्हणत होता की जनुक व्यसन वाढवतं, व्यसन धूर वाढवतं, आणि धूर कॅन्सर करतो. वाद तांत्रिक वाटतो, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिलं खरं असेल तर काही माणसं जन्मतःच कॅन्सरची उमेदवार, सिगारेट असो वा नसो. दुसरं खरं असेल तर ते जनुक म्हणजे सिगारेटच्या हातातलं एक हत्यार.

निकाल लागला तो सिगारेटी मोजण्यातली चूक सापडल्यावर. ‘दिवसाला किती?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे धुराचं माप नव्हे. एकच कांडी एक माणूस चार झुरके मारून विझवतो, दुसरा शेवटच्या थोटकापर्यंत ओढतो, धूर छातीत धरून ठेवतो. शरीरात खरोखर किती गेलं हे पाहायचं तर रक्त किंवा लघवी तपासून कोटिनिन मोजावं लागतं. निकोटिन पचल्यावर उरणारा हा पदार्थ आहे. तसं मोजल्यावर दिसलं की या जनुकाची प्रत बाळगणारा माणूस एकाच सिगारेटमधून जास्त निकोटिन खेचतो, आणि त्याबरोबर कॅन्सर करणारी द्रव्यंही. २०१२ मध्ये मार्कस मुनाफो आणि सहकाऱ्यांनी कोटिनिनवरून हिशेब मांडला. जनुकामुळे शरीरात जाणारा धूर जितका वाढतो, तितक्याने कॅन्सरचा धोका किती वाढायला हवा? उत्तर जवळपास तेवढंच आलं, जेवढा धोका २००८ मध्ये दिसला होता. थेट परिणामासाठी फारशी जागा उरली नाही. कधीच सिगारेट न ओढलेल्यांमध्येही पुढच्या मोठ्या पाहण्यांत या जनुकाचा कॅन्सरशी असा संबंध दिसला नाही.

आता पुन्हा फिशर यांच्याकडे बघा. मेंडेलचे नियम आणि यदृच्छेने केलेली वाटणी, म्हणजे प्रयोगात कोणाला औषध आणि कोणाला नाही हे चिठ्ठीने ठरवणं, ही त्यांच्या आयुष्याची दोन कामं. आज या दोन्हींची सांगड घालून एक पद्धत वापरली जाते. आईवडिलांच्या दोन प्रतींतली कुठली मुलाकडे जाईल ही निसर्गानेच टाकलेली चिठ्ठी, म्हणून तिच्यावरून कार्यकारणभाव तपासायचा. १५ व्या गुणसूत्रावरचा हा पट्टा त्या पद्धतीचं नेहमीचं उदाहरण आहे. फिशर १९६२ मध्ये गेले. त्यांना हवं होतं ते जनुक शेवटी सापडलं, आणि त्यांच्याच पद्धतीने उलटतपासणी घेतल्यावर त्याने सिगारेटच्या विरोधात साक्ष दिली. आणि कॉर्नफिल्ड यांचा नऊ? या जनुकाचा आकडा १.३ आहे. सिगारेटचा धोका आज पंधरा ते तीस पट मानला जातो. नॉर्डिक देशांतल्या जुळ्यांच्या नोंदींवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुळ्यांचा मुद्दाही निकालात निघाला. सगळी जनुकं समान असलेल्या जोडीत एक ओढणारा आणि एक न ओढणारा असेल, तर कॅन्सर ओढणाऱ्याला कितीतरी पटींनी जास्त होतो.

पण माझा मुद्दा कॅन्सरपेक्षा व्यसनाबद्दल जास्त आहे, आणि त्यासाठी उंदरांकडे जावं लागेल. २०११ मध्ये फ्लॉरिडातल्या पॉल केनी यांच्या प्रयोगशाळेने अल्फा-५ चा तुकडा नसलेले उंदीर घेतले. पिंजऱ्यात एक कळ, दाबली की शिरेतून थोडं निकोटिन. साध्या उंदरांना निकोटिन आवडतं, पण एका मर्यादेपर्यंत. मात्रा वाढवली की ते कळ दाबणं कमी करतात. जास्त निकोटिन मुळात किळसवाणं असतं; पहिल्या सिगारेटला ज्याला मळमळलं असेल त्याला हे सांगायला नको. अल्फा-५ नसलेले उंदीर मात्र मात्रा वाढली तरी कळ दाबतच राहिले. मेंदूत हॅबेन्युला नावाची एक इवलीशी जागा आहे, तिथून ‘आता पुरे’ हा निरोप निघतो. या उंदरांत तो निरोप निघत नव्हता. संशोधकांनी तेवढ्याच जागी ते जनुक परत घातलं, तेव्हा उंदीर पुन्हा आवरते झाले.

हा प्रयोग वाचला तेव्हा मी थोडा वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही. ‘याला पुरे कसं वाटत नाही?’ हा आमच्या घरातला प्रश्न होता, आणि तो आम्ही टोमणा म्हणून विचारत होतो.

उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी, हे खरं. माणसाच्या व्यसनात शेकडो जनुकांचा हात असतो. २०२२ मध्ये चौतीस लाख लोकांच्या जनुकांची पाहणी झाली, आणि धूम्रपान व मद्यपानाशी जोडलेल्या दोन हजारांवर जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. निकोटिन पचवणारं यकृतातलं विकर ज्या सीवायपी२ए६ या जनुकातून बनतं, ते तर वेगळीच गोष्ट सांगतं. ज्यांचं विकर सावकाश चालतं त्यांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकतं, म्हणून ते कमी ओढतात. ज्यांचं झपाट्याने चालतं त्यांना तलफ लवकर येते. तेव्हा ‘व्यसनाचं जनुक’ असं काही एक नाही. पण जुळ्यांच्या अभ्यासांतून सारखं दिसत आलं आहे की निकोटिनवरच्या अवलंबित्वातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. दोन माणसं एकाच दुकानातून एकच पाकीट विकत घेतात, आणि दोघांच्या मेंदूत दोन वेगळ्या वस्तू जातात. २०१५ मध्ये ली-शिउन चेन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की अल्फा-५ च्या दोन धोकादायक प्रती असलेले लोक सिगारेट सरासरी चार वर्षं उशिरा सोडतात, आणि त्यांच्या कॅन्सरचं निदान चार वर्षं लवकर होतं.

याचा अर्थ थोरल्या काकांनी काही केलंच नाही असा नव्हे. त्यांनी सोडली, हे त्यांचंच कर्तृत्व. चूक त्या ‘मला जमलं ना’ मध्ये आहे. स्वतःच्या चढावरून दुसऱ्याचा चढ मोजण्यात आहे.

आता या ज्ञानाचं करायचं काय? पहिलं उत्तर बाजार देतो. थुंकीचा नमुना पाठवा, तुमची जनुकं वाचून तुमचा धोका सांगतो. ज्याला धोका जास्त निघेल तो घाबरून सोडेल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकलेला आहे. २०१६ मध्ये गॅरेथ हॉलंड्स, थेरेसा मार्टो आणि सहकाऱ्यांनी अशा अठरा चाचण्यांचा आढावा घेतला. जनुकीय धोका कळल्याने लोकांचं वागणं बदलत नाही, धूम्रपानही सुटत नाही, असा त्यातून निष्कर्ष निघाला. मला उलट बाजूची भीती जास्त वाटते. ज्याला ‘तुमच्यात ती प्रत नाही’ असा कागद मिळेल, तो काय करेल? पूर्व आशियात ही प्रत विरळा आहे, म्हणून तिथले सिगारेट ओढणारे पुरुष या कॅन्सरमधून सुटलेले नाहीत. समजा जन्मभर ओढणाऱ्या शंभरातल्या पंधरांना हा कॅन्सर होतो. दोन्ही प्रती तशा असतील तर ते वीस-बावीस होतील, एकही नसेल तर बारा-तेरा. आणि बाकीच्यांची वाट हृदयविकार, पक्षाघात, दमलेली फुप्फुसं बघत असतात. या फरकावर कोणी निर्धास्त व्हावं असं त्यात काहीही नाही.

विमा कंपन्यांच्या हाती हा कागद पडला तर काय, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेने २००८ च्या मे महिन्यात, म्हणजे ते तीन निबंध आल्यावर महिन्या-दीड महिन्यात, जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. तो आरोग्य विमा आणि नोकरी यांना लागू आहे, आयुर्विम्याला नाही. ती फट अजून तशीच आहे.

दुसरं उत्तर नशिबाचं. “आमच्यात सगळ्यांचंच असं.” हे बोलणारा माणूस नकळत फिशर यांचाच युक्तिवाद करत असतो, आणि तो खोटा ठरला आहे. धूर नसेल तर हे जनुक फुप्फुसाला जवळपास काहीच करत नाही. हजारो वर्षं ते माणसांत वावरत होतं, आणि अॅडलरला चारशे रुग्ण मिळत नव्हते. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग काढून २००४ मध्ये जे आकडे दिले, ते सगळ्या जनुकांची माणसं धरूनचे आहेत. साठाव्या वर्षी सोडली तर सुमारे तीन वर्षं परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी सोडली तर जवळपास सगळी दहा.

माझं उत्तर तिसरं आहे. जनुक बदलता येत नाही आणि माणसांची वर्गवारी करून उपयोग नाही, तर बदलायची ती वस्तू. निवडीचा युक्तिवाद तेव्हाच टिकतो, जेव्हा निवड मागे घेता येते. १९९४ मध्ये सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर उभे राहून, निकोटिन व्यसन लावतं असं आपल्याला वाटत नाही, असं एकामागून एक सांगून गेले. ते तसं का म्हणाले हे उघड आहे. व्यसन मान्य केलं की निवड संपते, आणि निवड संपली की जबाबदारी विकणाऱ्याकडे येते. आता तर आपल्याला हेही माहीत आहे की व्यसन सगळ्यांना सारखं लागत नाही, आणि कोणाला जास्त लागेल हे पहिला झुरका मारताना कोणालाच कळू शकत नाही. सोळा वर्षांचा मुलगा मित्राच्या हातातून सिगारेट घेतो तेव्हा त्याच्या हॅबेन्युलात ‘पुरे’ म्हणणारा कोणी आहे की नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

तेव्हा सिगारेटच्या तंबाखूतलं निकोटिन इतकं कमी करावं की ती व्यसन लावू किंवा टिकवू शकणार नाही. ही कल्पना नवी नाही. नील बेनोविट्झ आणि जॅक हेनिंगफिल्ड यांनी ती १९९४ मध्येच मांडली. २०१५ मध्ये एरिक डॉनी आणि सहकाऱ्यांनी ८४० धूम्रपान करणाऱ्यांवर ती तपासली. नेहमीच्या सिगारेटमध्ये एक ग्रॅम तंबाखूमागे पंधरा-सोळा मिलिग्रॅम निकोटिन असतं. ते अडीचच्या खाली आणलं तेव्हा लोक सहा आठवड्यांत कमी ओढायला लागले, त्यांची तलफही उतरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ०.७ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. न्यूझीलंडने तर २०२२ मध्ये तसा कायदाच केला होता. तो अमलात येण्याआधी, २०२४ च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने रद्द केला. तंबाखूचा महसूल चालू राहिला की करकपातीला हातभार लागतो, हे त्या सरकारने लपवलं नव्हतं. प्रामाणिकपणाबद्दल आभारच मानायला हवेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. निकोटिन कमी केलं तर लोक जास्त जोराने, जास्त सिगारेटी ओढतील, जसं ‘लाइट’ सिगारेटच्या वेळी झालं. ‘लाइट’ची गोष्ट जरा जवळून पाहू. त्या सिगारेटच्या तंबाखूत निकोटिन पुरेपूर होतं. फक्त फिल्टरच्या कागदाला डोळ्याला जेमतेम दिसतील अशी बारीक भोकं पाडलेली होती. चाचणीच्या यंत्रात ती उघडी राहत, हवा मिसळे आणि आकडा कमी येई. माणसाच्या हातात ती बोटांखाली किंवा ओठांखाली झाकली जात, आणि ज्याला तलफ आहे तो न कळत ती झाकायला शिके. तंबाखूतच निकोटिन नसेल तर भोकं झाकून मिळणार काय? थोडे दिवस माणूस शोधेल, मग कंटाळेल. काळ्या बाजाराचा आक्षेपही आहे, आणि तो खोटा नाही. मर्यादा घालायची तर बाकी कमी धोक्याचे निकोटिनचे पर्याय आणि औषधं हाताशी असली पाहिजेत, नाहीतर लोक चोरवाट शोधणारच. पण चोरवाटेच्या भीतीने राजरस्त्यावर विकत राहायचं, हा तर्क आपण दुसऱ्या कुठल्या विषारी वस्तूला लावतो?

औषधांबद्दल आणखी थोडं. ली-शिउन चेन यांच्याच गटाला २०१२ मध्ये आढळलं होतं की धोकादायक प्रती असलेल्यांना विनाऔषध सोडणं सगळ्यात जड जातं, आणि औषधांचा फायदाही त्यांनाच सगळ्यात जास्त होतो. पुढच्या सगळ्या चाचण्यांत हा फरक तितका ठळक दिसला नाही, म्हणून आधी जनुक तपासा आणि मग औषध द्या असं मी म्हणणार नाही. ज्याला हवं त्याला द्या. निकोटिनची पट्टी, व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन ही सगळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. रक्तदाब असणाऱ्याला आपण “निग्रह करा” सांगून घरी पाठवत नाही.

कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाचा कॅन्सर लवकर पकडता येतो, हे २०११ मध्ये अमेरिकेतल्या त्रेपन्न हजार लोकांच्या चाचणीने दाखवलं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. पण स्कॅन कोणाचा करायचा, हे तिथे आजही ‘पाकीट-वर्षां’वर ठरतं. म्हणजे रोज किती पाकिटं गुणिले किती वर्षं. वीस भरली तर स्कॅन. कांड्या मोजण्याचा हा हिशेब, एकाच कांडीतून कोण किती खेचतो हे कळल्यावरही बदललेला नाही. त्याउलट व्यसन मोजायच्या फागरस्ट्रॉम चाचणीत सहा प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न, ‘जाग आल्यावर किती वेळात पहिली सिगारेट पेटवता?’ पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण.

धाकट्या काकांच्या दवाखान्यातल्या जुन्या कागदांची एक फाइल माझ्याकडे आहे. प्रत्येक तपासणीच्या कागदावर वर लिहिलेलं आहे, दिवसाला किती आणि किती वर्षं. दोन कागदांवर खाली ‘धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला’ असा रबरी शिक्का आहे. जाग आल्यावर किती मिनिटांनी, हे कुठेच विचारलेलं नाही. पट्टी किंवा गोळी लिहून दिल्याचा एकही कागद त्या फाइलीत नाही.